दीक्षाभूमीच्या फोटोखाली ‘देव एकच’?

दसऱ्याच्या सकाळी नागपुरातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. दीक्षाभूमी, ताजबागचा दर्गा, टेकडी गणपती असे तीन फोटो आणि खाली, ‘रस्ते वेगळे, देव एकच. सगळे धर्म एकच सांगतात.’ सोबत हत्तीचा एकेक भाग चाचपून ‘हाच हत्ती’ म्हणणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट. पाठवणाऱ्या काकांचं मन साफ आहे. मेसेज मात्र टिकत नाही.

‘देव एकच’ हे पहिल्याच फोटोवर अडतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. पाचवी त्याहून नेमकी: बुद्ध हा विष्णूचा अवतार, हे मानणार नाही. म्हणजे ‘तुमचं-आमचं शेवटी एकच’ हे बाबासाहेबांनी ऐकलेलं होतं आणि ठरवून नाकारलेलं होतं. बौद्ध विचारात जग घडवणारा ईश्वर नाही, कायम टिकणारा आत्माही नाही. जैनांकडे आत्मे अनंत आहेत, निर्माता मात्र नाही. इस्लाममध्ये अल्ला एकच, त्याला अपत्य नाही. चर्चमध्ये येशू देवाचा पुत्र. ‘आहे’ आणि ‘नाही’ एकच कसं होणार, भाऊ?

हत्तीची गोष्ट तर उलटीच वापरली जाते. पाली भाषेतल्या ‘उदान’ या बौद्ध ग्रंथात ती बुद्ध सांगतात, आपलंच खरं म्हणून भांडणाऱ्या परिव्राजकांबद्दल, म्हणजे भटक्या संन्याशांबद्दल. सगळे बरोबर आहेत, असं ते म्हणत नाहीत. शिवाय ‘बाकीच्यांनी एकेक तुकडाच चाचपला’ असं म्हणणाऱ्याला अख्खा हत्ती दिसलेला असावा लागतो. काकांना कधी दिसला?

‘निदान आपल्या हिंदूंत तरी एकवाक्यता आहे ना?’ छे. शंकराचार्यांसाठी जीव आणि ब्रह्म एकच. मध्वाचार्यांसाठी दोघांत कायमचा भेद. लांब कशाला, रामटेकच्या यात्रेला निघालेले चक्रधरस्वामी आपल्याच विदर्भातल्या रिद्धपुरात त्यांचे गुरू गोविंदप्रभूंना भेटले. त्यांच्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच (म्हणजे जग) आणि परमेश्वर हे चारही नित्य आणि वेगवेगळे. देवता म्हणजे परमेश्वर नव्हे, हे तिथं ठणकावून सांगतात.

चोरी करू नका, खोटं बोलू नका, यावर बहुतेकांचं जमतं. कबूल. पण ते वागण्याबद्दल झालं, देवाबद्दल नाही.

काकांनी लिहिलं, “मग काय भांडायचं का बे?” मी लिहिलं, “नाही काका. ताजबागच्या फोटोखाली ‘देव एकच’ राहू द्या, तिथं ते बरोबर आहे. दीक्षाभूमीचा तेवढा काढा.”