लेकराचं पाणी तोडायला सांगणारा तो मेसेज

"फिरस्तीवर लेकराला जुलाब लागले तर दिवसभर पाणी-दूध बंद ठेवा, पोटाला आराम द्या. ओआरएस म्हणजे नुसतं मीठ-साखर, त्यानं जुलाब थांबत नाहीत. सलाईन लावा, नाहीतर मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी द्या." ऊसतोडीच्या टोळ्यांच्या ग्रुपवरून फिरत फिरत हे काल वहिनीच्या फोनवर आलं. तिचे भाऊ-भावजय तान्ह्या पोराला घेऊन फडावर आहेत.

आधी पाण्याचं. गळक्या रांजणात पाणी ओतायचं थांबवलं म्हणून गळती थांबते का? आठ किलोच्या लेकराच्या अंगातून ४०० मिली पाणी गेलं की शोष दिसायला लागतो, ८०० गेलं की जीवावर बेततं. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, उन्हातान्हात एवढं जायला दिवससुद्धा लागत नाही. अंगावरचं दूध तर अजिबात तोडायचं नाही.

ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत, हे खरंय. पण ते त्याचं कामच नाही. जुलाब चालू असतानाही आतडं साखरेबरोबर मीठ शोषून घेतं, आणि मिठामागं पाणी जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातानं पाजलं. मृत्यू २०-३० टक्क्यांवरून साडेतीनच्या आसपास आले. तिथं छावणीत चाललं ते फडावर चालणार नाही?

फक्त माप चुकवू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते, ती अख्खी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची. पाण्याची लिटरची रिकामी बाटली धुवून घेतली की माप झालं. अर्धी पुडी पेल्यात ढवळली की मीठ जास्त होतं, पोरगं अजून सुकतं, झटकेही येतात. पुडी नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दर जुलाबामागं दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या लेकराला १०० ते २००. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. जोडीला १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०.

सलाईन लागते, पण लेकरू पीतच नसेल, गळून पडलं असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लवकर खाली बसत नसेल तेव्हा. शौचात रक्त दिसलं तरी दवाखाना गाठायचाच.

मेसेजमधल्या त्या जुलाब थांबवायच्या गोळीबद्दल एवढंच: ती लहान लेकराचं आतडं लुळं पाडते. जुलाब थांबल्यासारखे दिसतात, पोट फुगतं आणि घाण आतच राहते.

पुडी आणि झिंक सरकारी उपकेंद्रात फुकट मिळतात. दुकानातलं गोड खोक्यातलं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं त्यावर ते नाव लावायलाच मनाई केलीय.