"हे ते तक्रारवाले"

आज पंचवटीत एका लग्नाच्या पंगतीत एकाने माझ्या मामाची ओळख करून दिली, "हे ते तक्रारवाले!" सगळे हसले. मामाही हसला. माझं मात्र डोकंच फिरलं.

मामा एका पतसंस्थेत क्लार्क होता. एकच सोनं दोनदा तारण दाखवून कर्ज उचललेलं त्याने पाहिलं आणि कागदांच्या झेरॉक्स जोडून सरकारी कचेरीत पत्र दिलं, माझं नाव गुप्त ठेवा म्हणून. आठवड्याच्या आत तेच पत्र चेअरमनच्या टेबलावर! मग मेमो, मग बदली, मग घरी. मामीने शिवणकाम करून घर ओढलं, आणि नातेवाईक काय म्हणाले, तर "काय गरज होती?"

अरे, महामार्गाच्या कामावरच्या इंजिनिअर सत्येंद्र दुबेने पण हेच केलं होतं ना! चार महानगरं जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन रस्त्यातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव फोडू नका म्हणून विनवलं, तरी पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरलं, आणि 2003 ला गयेत त्याला गोळी घातली. सीबीआय म्हणाली लूटमार होती. असेल बाबा. पण नाव फुटलं ते फुटलंच ना?

अशा तक्रारदारांना वाचवायला कायदा आहे म्हणे. हो, 2014 चा आहे. नाव फोडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद वगैरे सगळं लिहिलंय, फक्त तो लागू केलेला नाही! आणि गंमत म्हणजे त्यातही निनावी तक्रार चालत नाही, नाव द्यायचंच. कोणाच्या भरवशावर द्यायचं? आपल्याच जिल्ह्यात, मनमाडजवळ, 2011 ला यशवंत सोनवणेंना तेल भेसळवाल्यांनी भरदिवसा जाळलं, ते तर अपर जिल्हाधिकारी होते. मग मामासारख्या क्लार्कला कोण विचारतो.

माहितीये, माहिती अधिकार टाकून तोडपाणी करणारेही आहेत. असतील. त्यांच्यामुळे मामा खोटा ठरत नाही.

घरी येताना त्याला विचारलं, हसलास का रे? म्हणाला, "त्या वाढप्याच्या आईची एफडी होती तिथं, तिला सांगून मी आधीच काढायला लावली होती. त्याने मला दोनदा जिलबी वाढली, तू बघितलं नाहीस."

नाही बघितलं. मी त्या ओळख करून देणाऱ्याकडेच बघत बसलो होतो, आणि अजूनही राग गेलेला नाही. त्याला टॅग करणार होतो, मामी नको म्हणाली.