जर्नल पूर्ण, पण हाताला येतं का?
‘विद्यार्थी किती तास बसला यापेक्षा त्याला काय करता येतं ते पाहा’, ही इथे आलेल्या लेखातली मांडणी मनापासून पटली. मी रावेर तालुक्यात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, सगळ्यांचं पूर्ण असतं, सह्यांसकट. पण केळीच्या बागेतली माती तपासायला दिली की पीएच मीटर (आम्लता मोजायचं यंत्र) आधी बफर द्रावणाने, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने, जुळवून घ्यायचा, दर नमुन्यानंतर इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, हे कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. आकडा येतो, लिहिला जातो, गुणही मिळतात. उद्या शेतकरी अशाच आकड्यावर खताचा खर्च करणार ना!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात क्षमतांवर भर आहे, तरी क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, आपण तासांतच मोजतो: एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. ज्याला जमलं नाही त्याला पुन्हा करून बघायला सत्रात जागाच उरत नाही. शिवाय भरलेल्या बॅचमध्ये एकेकाचा हात बघायचा कधी? प्राध्यापकांच्या रिक्त जागा आधी भरा.

जळगावच्या आपल्या विद्यापीठाने निदान प्रात्यक्षिकांपुरती तरी ‘जमेपर्यंत पुन्हा’ अशी मुभा द्यावी. धुळे-नंदुरबारकडच्या प्राध्यापकांनी असं काही करून पाहिलं असेल तर इथे जरूर लिहा.