विमान जुनं होतं म्हणून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

नेपाळच्या तारा एअर या कंपनीच्या मे 2022 मधल्या पोखरा-जोमसोम अपघातावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की 43 वर्षांचं भंगार उडवणारी कंपनी मी मोकळी सोडली आणि गेलेल्या वैमानिकाच्या माथी सगळं मारलं. त्या विमानात ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं, त्यांच्या नातेवाइकांना हे वाचून काय वाटेल, असंही विचारलंत. राग समजतो. पण विमानाच्या वयाचा मुद्दा मला पटत नाही.

24 फेब्रुवारी 2016 चा अपघात आठवा. तीच कंपनी, तोच मार्ग, विमानही त्याच जातीचं, ट्विन ऑटर नावाचं छोटं विमान. फक्त ते कोरं करकरीत होतं, कारखान्यातून येऊन वर्षही झालेलं नव्हतं. 23 माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं: बाहेर बघून उडवायचं विमान पुन्हा पुन्हा ढगात घातलं, वाट चुकली आणि धडधाकट विमान डोंगरावर आदळलं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र बोंबलत होतं, त्याला कुणी दाद दिली नाही. मग 29 मे 2022. 1979 सालचं विमान, आत 22 जण, सुमारे साडेचौदा हजार फुटांवर कडा. या खेपेला ते यंत्र आधीच गप्प करून ठेवलेलं होतं. इंजिन बंद पडलं, पंख तुटला असलं काही अहवालाने दिलेल्या कारणात नाही. तिथेही ढग आणि सुटलेली वाटच आहे.

असं यंत्र कुणी बंद का करेल? या मार्गावरच्या कालीगंडकी नदीच्या दरीत एका अंगाला धौलागिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर. ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसते, त्यामुळे ते या शिखरांच्या वरून जाऊ शकत नाही, दरीतूनच जावं लागतं. अशा चिंचोळ्या जागेत लख्ख उन्हातही यंत्र कोकलतं. रोजच उगाच कोकलणाऱ्या यंत्राचं ऐकायची सवय सुटते. त्यात जोमसोमला दुपारच्या आधीच वारा उठतो, म्हणून सगळी उड्डाणं सकाळच्या काही तासांत उरकायची असतात. आत्ता निघालो नाही तर दिवस बुडाला, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असतो. (प्रवाशांच्याही. विमानतळावर आरडाओरडा आपणच करतो.)

आता कंपनीचं. तिला मोकळं सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. 2022 नंतर नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने नियम कडक केला: संपूर्ण वाटेवरचं हवामान चांगलं असेल तरच उड्डाणाला परवानगी. म्हणजे तोवर दोन टोकांचं हवामान ठीक असलं की भागत होतं आणि मधले डोंगर वैमानिकाच्या अंदाजावर सोडलेले होते! विमानतळ चालवणारं आणि विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारंही हेच प्राधिकरण. युरोपीय संघाने डिसेंबर 2013 मध्ये नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांवर बंदी घातली, ती काही एका जुन्या विमानाकडे बघून नव्हे. ढगात शिरायची सवय कुणी चालवून घेतली, 2016 चा अहवाल हातात असताना सहा वर्षांत काय बदललं, हे विचारलं तर कंपनीला उत्तर देणं जड जाईल. जन्मसालावर बोट ठेवलंत तर ती उद्या नवं विमान आणून तुमचं तोंड बंद करेल.

नातेवाइकांबद्दल म्हणाल, तर ‘विमान जुनं होतं’ एवढ्यावर त्यांची बोळवण करणं मला जास्त वाईट वाटतं.

तुम्ही दिवाळीनंतर जोमसोमच्या पुढे मुक्तिनाथला निघालाय असं लिहिलंत. पोखऱ्याहून रस्ता आहे, हाडं खिळखिळी होतात, पण पोचतो. विमानानेच जायचं असेल तर पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारा की पोखऱ्यात एक दिवस मोकळा ठेवलाय का, आणि उड्डाण रद्द झालं तर पुढचं काय. ‘बघू, जमवू’ असं म्हणाला तर जीप करा.