पुढची खडखड

आमच्या ओम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या डोक्यावरच बसतो. त्यामुळे खालचा आवाज आधी बुडाला कळतो, मग कानाला. गाडी २००४ ची. पुण्यातले स्पीडब्रेकर चढून-उतरून चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशांचं, म्हणजे सांध्यातल्या नळ्यांचं, रबर फाटलेलं; चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे एंड, म्हणजे टोकाचे सांधे, ढिले. गॅरेजवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला आणि माझ्यातला कारागीर जागा झाला.

नाना पेठेतून सामान आणलं. रविवारी पार्किंगमध्ये गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवली, तोवर शेजारचे काका चहाचा कप घेऊन खुर्ची टाकून बसलेही होते.

टाय रॉड एंडचा खुंट पाचरीसारखा निमुळता असतो; नट काढला तरी जागा सोडत नाही. खुंटावर हाणलं तर आटे जातात. तो चाकाकडच्या ज्या लोखंडी कानात (भोकात) बसलाय, त्या कानाच्या बाजूवर हातोडा मारायचा, हे मला ठाऊक होतं. हातोड्याला नव्हतं. डावा अंगठा अजून जांभळा आहे.

जुना एंड किती फेऱ्यांत निघतो ते मोजायचं आणि नवा तेवढेच फेरे आत घालायचा, म्हणजे चाकांची दिशा फार बिघडत नाही. मी ११ वर असताना काकांनी विचारलं, "आज तारीख किती रे?"

"१७."

पुढे १२ म्हणायचं की १८, ते आजतागायत कळलेलं नाही.

बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर. लोंबत्या चाकांनी आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणजे जागा सर्वांत कमी असताना आत शिरायचं. शिरलो. बाहेर येताना पोट अडलं. वरून सौ.चा आवाज, "अहो, जेवायला येताय की ताट खाली सरकवू?"

संध्याकाळी पुढची दोन्ही चाकं एकमेकांकडे बघत होती, नव्या नवरा-नवरीसारखी. अलाइनमेंटवाला पोरगा वाकून बराच वेळ पाहत राहिला. "साहेब, काम कुणाकडं केलं?"

"आहे एक ओळखीचा."

पैसे मोजले, हँडल सरळ झालं. घराजवळच्या स्पीडब्रेकरवर पुढून चकार शब्द नाही! आणि त्याच शांततेत मागून कुरकुर ऐकू आली. मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत; बुश त्यांनाही असतात. इतकी वर्षं पुढच्या गोंगाटात त्यांचं कुणी ऐकलंच नव्हतं.

पण मागे मी बसत नाही. मागे सासूबाई बसतात.