"युद्धाने युक्रेनला डिजिटल केलं" म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक दावा जोरात फिरतोय: युद्ध आलं म्हणून युक्रेन डिजिटल झाला, आयटीने अर्थव्यवस्था तारली, देशाचे पश्चिमेकडचे भाग भरभराटीला आले, आणि आता लॅपटॉप असला की कुठे राहता याने काही फरक पडत नाही. ऐकायला भारी वाटतं, पण एकेक बघू.

आधी तारखा. सरकारी कागदपत्रं आणि सेवा फोनवर देणारं 'दिया' ॲप फेब्रुवारी २०२० चं, त्यामागचं डिजिटल मंत्रालय २०१९ चं, सरकारी खरेदीसाठीची ऑनलाइन यंत्रणा प्रोझोरो २०१६ पासून सक्तीची. आयटी कंपन्यांना टॅक्स सवलत देणारी 'दिया सिटी' ही योजना ८ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली, म्हणजे रशियन फौजा घुसायच्या सोळा दिवस आधी. मग युद्धाने नक्की काय केलं? तर जे तयार होतं ते वापरायला भाग पाडलं. सरकारी डेटा देशाबाहेरच्या क्लाउडवर न्यायची वाट मोकळी करणारा कायदाही संसदेने १७ फेब्रुवारीलाच पास केला होता, आणि नंतर प्रिवातबँकेने ४५ दिवसांच्या आत आपली सिस्टीम ॲमेझॉनच्या क्लाउडवर हलवली. कमाल काम, मान्यच आहे, पण ही होती ती बँक वाचवण्याची धडपड, तिला ग्रोथ कसं म्हणायचं?

आयटीने तारलं? अर्धं खरं. आयटी निर्यात २०२१ मध्ये ६.९ अब्ज डॉलरच्या आसपास होती ती २०२२ मध्ये ७.३ वर गेली, आणि त्याच वर्षी देशाचा जीडीपी जवळपास २९ टक्के आपटला. २०२३ मध्ये आयटी निर्यातही ६.७ वर उतरली, कारण आधीची कामं चालू राहिली तरी नवीन काम द्यायला परदेशी क्लायंट कचरतो, आणि तेव्हा १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायलाच बंदी होती म्हटल्यावर क्लायंटला भेटायला जाणार कोण? रशियाने घेतलेल्या मारियुपोल शहरातले दोन अवाढव्य पोलाद कारखाने गेले ते कुठल्याही कोडने भरून निघणारे नाहीत. २०२३ मध्ये जीडीपी पाचेक टक्के वाढला हे उड्या मारत सांगतात, अरे पण आदल्या वर्षी केवढा पडला होता तेही सांगा की, शिवाय त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं.

आता पश्चिमेची भरभराट. खार्किव्ह हे मोठं आयटी केंद्र, रशियाची सीमा तिथून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. तिथली माणसं आणि कंपन्या उठून पश्चिमेकडच्या ल्विव्ह शहरात गेल्या, सरकारनेही मदत करून शेकडो उद्योग पश्चिमेला हलवले. ल्विव्हचा आकडा वाढला, घरभाडी पण वाढली. पण खार्किव्हमधून वजा झालेलं ल्विव्हमध्ये जमा दाखवून त्याला प्रादेशिक विकास म्हणायचं म्हणजे अजब हिशोब झाला.

खरी नावीन्याची गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणी शेअर करत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून वीज यंत्रणेवर हल्ले सुरू झाले. इमारतीत लावलेला इंटरनेटचा स्विच (घराघरात कनेक्शन वाटणारा डबा) विजेवर चालतो, बॅटरी संपली की अख्खी इमारत ऑफलाइन. म्हणून प्रोव्हायडर मंडळी पॉन फायबरकडे वळली, त्यात केंद्रापासून घरापर्यंत मध्ये वीज खाणारं काहीच नसतं, नुसता प्रकाश वाटून देणारा काचेचा स्प्लिटर, आणि घरातला फायबरचा डबा आणि राउटर छोट्याशा पॉवर बँकवर तासन् तास चालतात (अर्थात केंद्राकडे जनरेटर हवाच). अंधारात बसून लोकांनी मीटिंगा केल्या त्या याच जोरावर. पण लेथ मशीन पॉवर बँकवर चालत नाही ना! कोडर तगतो, वर्कशॉपवाला बसतो. आणि १२ डिसेंबर २०२३ ला कीव्हस्टार या मोबाइल कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख ग्राहकांचं नेटवर्क गेलं, वीज असून.

"कुठे राहता याने फरक पडत नाही" हे तर सगळ्यात पोकळ. युद्धात नुकसान झालेल्या घराची भरपाई मे २०२३ पासून दियावरून मागता येऊ लागली, पण घर बघायला पाहणी समितीची माणसं प्रत्यक्ष जावी लागायची, त्यामुळे सुरुवातीला योजना फक्त युक्रेन सरकारच्या ताब्यातल्या भागापुरती होती. मारियुपोलमध्ये घर गेलेल्याच्या फोनमध्येही तेच ॲप होतं, भरपाई मात्र नव्हती.