पाचवा स्पीड

“पाचावर ठेवलंय, तरी सरकत नाही,” असं मी पुटपुटलो की आई छताच्या पंख्याकडे बघते. पाच हा माझ्या कॉम्प्युटर गेममधला वेळ पळवायचा सगळ्यात जोरातला स्पीड. नौपाड्यातल्या दोन खोल्यांतून आपला मुलगा साम्राज्य चालवतो आणि त्यातलं कॅलेंडर अडकलंय, हे तिला कसं सांगणार?

ग्रँड स्ट्रॅटेजी, म्हणजे नकाशावर अख्खं राज्य वर्षानुवर्षं चालवायचं, हा गेमचा प्रकार चिवट माणसांचा. ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ सुरू होतो 11 नोव्हेंबर 1444 ला. दक्षिणेत विजयनगर आणि बहामनी समोरासमोर. ‘व्हिक्टोरिया 3’ चालतो 1836 ते 1936. मी कुठला खेळतो ते सांगत नाही, कारण पुढे निंदा करायची आहे.

सुरुवातीला वर्षं भुर्रकन उडतात. पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत एक सरकार पडून दुसरं येतं. मग मी जिंकायला लागतो, आणि तिथेच घात होतो. प्रजेचे गट पाडलेले असतात. धर्म वेगळा, धंदा वेगळा, प्रांत वेगळा, की गट वेगळा. नवा मुलूख घेतला की गटांची भर. मग रोजचा हिशोब: कोण काय खाणार, कुणाला काम मिळणार, कोण चिडणार. शेजारची राज्यंही स्वस्थ बसत नाहीत; तह कुणाशी, चढाई कुणावर, हे त्यांचं चालूच. शेवटी शेवटी एकेक महिना गायमुखच्या घाटातल्या कंटेनरसारखा चढतो.

गोखले रोडवरचा दुकानदार भारी ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप गळ्यात मारायला टपलेलाच होता. भाच्याने अडवलं. “मामा, नकाशा झकास दिसेल, महिना तेवढाच लागेल. ओझं प्रोसेसरवर आहे. त्यातले कोअर, म्हणजे हिशोब करणारे हात, कितीही असू देत, बरंचसं काम एकामागून एकच होतं. आधीचा निकाल लागल्याशिवाय पुढचं हलत नाही.”

“मग करू काय?”

“प्रजा कमी कर. एकदोन प्रांत उजाड करून टाक. लोक करतात.”

हे तो वरणभात कालवता कालवता म्हणाला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

माझ्याच्याने ते होईना. म्हणून मी दोन प्रांतांना मोठ्या मनाने स्वातंत्र्य देऊन टाकलं. प्रजा होती तेवढीच राहिली, वर डोकं चालवायला दोन नवी सरकारं आली. आता माझ्यावर चढाई करावी की नाही, याचा ती दोघं रोज विचार करतात, आणि त्यांचा विचार संपेपर्यंत माझ्याकडे दुसरा दिवस उजाडत नाही.